वडगावच्या भाट्या आणि विरघळणारे टाके : प्रकल्प नोंदी

26 मे 2024, रविवार

ठरलं एकदाचं. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग ह्या बाजूच्या गल्ल्यांतल्या भाट्यांची, म्हणजे मांजरींची, पिल्लं बंद करायची ऑपरेशनं पाऊस संपायची वाट न बघता जूनपासूनच चालू करायची, रविवारी, मॅडमच्या जनावरांच्या दवाखान्यात. थांबून उपयोग नाही, फेब्रुवारी-मार्चमधे झालेली पिल्लं गणपतीपर्यंत स्वतःच माजावर येतात आणि त्यांच्या आया तर दूध पाजता पाजताच परत गाभण राहतात, गाभणपण 63-65 दिवसांचं, हिशोब करत बसलं की डोकं फिरतं. आमच्या भागात माग असलेल्या घरात मांजर लागतंच कारण खळ लावलेल्या सुतावर उंदीर येतात, त्यामुळं मांजराला कोणी हाकलत नाही पण पिल्लं कोणालाच नको असतात, मग पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतात. ते बघवत नाही.

माझ्याकडं काम दोन, टेबलावर मॅडमच्या समोर उभं राहणं आणि ही वही. वहीत दर मांजरामागं वजन, अंदाजे वय, गाभण आहे का, पाजतीय का, मधोमध उघडलं की कुशीतनं, कुठल्या थरात कुठला दोरा, गाठीला किती फेरे. मग 3, 7, 10, 14 व्या दिवशी जखमेचा फोटो, जमेल त्यांचा.

मला खरं तर दोऱ्याचंच बघायचंय. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी कपाटात जो दोरा असेल तो सगळ्या थरांना वापरतात, कुत्र्याला तोच, मांजराला तोच, शेळीला पण तोच. घरच्या मांजराचं चालून जातं, मालक दहाव्या दिवशी घेऊन येतो, टाके काढता येतात, काही बिघडलं तर कळतं. गल्लीतली भाटी एकदा सापळ्यात आली की दुसऱ्यांदा त्याच सापळ्याकडं ढुंकून बघत नाही. म्हणजे सोडताना जे आत बाहेर शिवलंय त्यावरच ती जगणार, कोणी टाके काढणार नाही, कोणी ड्रेसिंग करणार नाही. म्हणून बाहेरनं दिसणारा एकही टाका नको आणि आतला दोरा जखम भरायच्या आधी गळपटायला नको, ह्या दोन गोष्टी सांभाळायच्या.

2 जून, रविवार

माल कोल्हापूरहून आला, बारीक साईझ इथल्या दुकानात मिळेनात म्हणून तिकडनं मागवला. साईझचं गणित नवीन पोरांसाठी लिहून ठेवतो: शून्यं जितकी जास्त तितका दोरा बारीक, 3-0 साधारण 0.2 मिलिमीटरचा, 4-0 त्याहून बारीक. मांजराला 3-0 आणि 4-0 च्या पलीकडं काही लागत नाही, 1 नंबरचा जाड दोरा घालून "पक्कं शिवलं" म्हणणारे लोक आहेत पण जाड दोऱ्याची गाठ पण जाड होते आणि मांजराच्या पातळ कातडीखाली ती खड्यासारखी लागते.

आलेलं असं:

कॅटगट, क्रोमिक. हा मेंढीच्या नाहीतर गुरांच्या आतड्यापासनं करतात, म्हणजे कोलॅजनच. शरीर त्याला परकं मांस समजून पेशी आणि एन्झाईम सोडून खातं, त्यामुळं आजूबाजूला सूज आलीच. साधा कॅटगट आठवडा-दहा दिवसांत ताकद सोडतो, क्रोमियमचं क्षार लावलेला दोन-तीन आठवडे ओढतो, पण नक्की किती ते मांजरावर, जखमेवर, पू आहे का नाही यावर अवलंबून. जिथं आधीच सूज आणि इन्फेक्शन तिथं तो अजून लवकर जातो, म्हणजे जिथं दोरा टिकायला पाहिजे तिथंच टिकत नाही. युरोपात गाईंच्या बीएसई रोगाच्या भीतीनं 2001 च्या सुमारास हा बंद झाला, आपल्याकडं मात्र अजून रीळच्या रीळ मिळतो आणि स्वस्त असतो.

पॉलीग्लॅक्टिन 910, म्हणजे सगळे ज्याला व्हिक्रिल म्हणतात तो. पिळाचा, अनेक तंतू गुंफलेला. ह्याला एन्झाईम लागत नाहीत, नुसत्या पाण्यानं त्याच्या साखळ्या तुटतात. दोन आठवड्यांनी तीन चतुर्थांश ताकद, तीन आठवड्यांनी निम्मी, चार आठवड्यांनी पाव, आणि 56 ते 70 दिवसांत पूर्ण नाहीसा.

पॉलीडायोक्सॅनोन, पीडीएस. एकेरी तंतूचा, गुळगुळीत, चार आठवड्यांनंतरही निम्म्याच्या आसपास ताकद धरून असतो आणि पूर्ण जायला सहा महिने घेतो. महाग.

पॉलीग्लेकाप्रोन 25, मोनोक्रिल. हा पण एकेरी, मऊ, हातात छान चालतो, आठवड्यात निम्म्यापर्यंत येतो, तीन आठवड्यांत ताकद संपते.

संध्याकाळी विणकर काकांनी सगळे दोरे मागावरच्या दिव्याखाली धरून बघितले. त्यांना पॉलिमर वगैरे सांगायची गरज पडली नाही, पिळाचा दोरा बघून म्हणाले "ह्यो पाणी वढणार बघ", आणि तेच खरं, गुंफलेल्या तंतूंच्या मधनं ओल आणि ओलीबरोबर जंतू आतपर्यंत चढतात, एकेरी तंतूला ती वाटच नाही. म्हणून कातडीजवळ पिळाचा दोरा नको असं मॅडम म्हणतात ते काकांना दोन मिनिटात पटलं.

एक उद्योग बाजूला लावून ठेवला. कडोलीच्या मित्राकडं कोंबडीची अंडी उबवायचा इन्क्युबेटर आहे, 37.5 डिग्रीला चालतो, मांजराच्या अंगापेक्षा डिग्रीभर कमी. त्यात चार बाटल्या सलाईन, प्रत्येकीत एकाच दोऱ्याचे प्लॅस्टिकच्या नळीवर बांधलेले फास. आठवड्यानं सलाईन बदलायची आणि एकेक फास हुकवाल्या वजनकाट्यावर ओढून बघायचा. मॅडम म्हणाल्या कॅटगटच्या बाटलीवर विश्वास ठेवू नकोस, सलाईनमधे त्याला खाणारं कोण आहे. बरोबर आहे, पण मला तेच डोळ्यानं बघायचंय.

9 जून, रविवार

पहिला गट. सापळ्यात सुकट ठेवली होती, आदल्या रात्री गोव्याकडनं आलेल्या बांगड्याची डोकी पण. सगळ्यात आधी सापडला तो बोका, अर्थातच, त्याला काय बोलावलं नव्हतं, पण आलाच आहेस तर म्हणून त्याचं पण उरकलं. बोक्याला पोट उघडावं लागत नाही, त्याची गोष्ट वेगळी, वहीत घेत नाही.

भूल झायलाझीन-केटामाईनची. केटामाईनमधे डोळे उघडेच राहतात, सुकू नयेत म्हणून मलम घालायचं, हे काम अण्णाकडं दिलंय. अण्णा कन्नड बोलतो, मी मराठी, टेबलावर दोन्हीची खिचडी चालते आणि कोणाचं काही अडत नाही. बाहेर पाऊस, फरशी गार, दोन-अडीच किलोचा जीव भुलीत भराभर गार पडतो, म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूला. बाटली थेट अंगाला लावली तर भाजतं, भुलीत ते ओरडून सांगणार नाही.

आत काय केलं ते लिहितो. अंडाशयाच्या देठाला दोराच वापरला नाही, मॅडम आर्टरी फॉर्सेपवर, म्हणजे रक्तवाहिनी धरायच्या चिमट्यावर, देठाचीच गाठ मारून घेतात, मांजराचा देठ बारीक आणि लांब असतो म्हणून जमतं, वेळ वाचतो आणि आत परकी वस्तू एक कमी. गर्भाशयाच्या बुडख्याला 3-0 पॉलीग्लॅक्टिन. तिथला टिश्यू लवकर भरतो, रक्तवाहिनी काही दिवसांत कायमची बंद होते, तीन आठवडे ताकद धरणारा दोरा पुरे की.

मधोमधची पांढरी रेघ, लिनिया अल्बा, तिथं 3-0 पीडीएस. इथं मॅडमचं आणि माझं अजिबात दुमत नाही. पोटाचं सगळं वजन ह्या एका थरावर असतं, कातडी नुसती झाकण आहे. आणि हा थर म्हणजे स्नायू नाही, स्नायूंचं पांढरं अस्तर, रक्तपुरवठा कमी, भरायला सगळ्यात आळशी. साधारण पन्नास दिवसांनी कुठं निम्मी ताकद येते आणि वर्षानंतरही ते पहिल्याइतकं होत नाही. मूत्राशय बघा, दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत. मग दोन्हीकडं एकच दोरा का म्हणून घालायचा.

कातडीला 4-0 मोनोक्रिल, कातडीच्या आतल्या आत नागमोडी, सुरुवातीची आणि शेवटची गाठ आत पुरलेली. बाहेरनं बघितलं तर नुसती एक रेघ. डाव्या कानाचं टोक उडवलं म्हणजे लांबनं कळतं हिचं झालंय.

पाजणारी एक होती, तिला डाव्या कुशीतनं उघडलं कारण मधोमध दूधगाठी भरलेल्या. कुशीत स्नायूंचे थर असतात, तिथं पॉलीग्लॅक्टिन चालतो. अंडाशय काढल्यावर दूध आटत नाही, पिल्लं रात्री परत तिच्याजवळ गेली आणि लुचायला लागली.

12 जून

तिसरा दिवस. घरोघरी फिरलो, म्हणजे जिथं मांजर अंगणात येतं त्या घरी. रेघा सगळ्या कोरड्या, कडा थोड्या जाड आणि गुलाबी, तिसऱ्या दिवशी तेवढं पाहिजेच, सूज हा भरण्याचा पहिला टप्पा आहे, पहिले चार-पाच दिवस पेशी साफसफाई करतात, जोडणारं कोलॅजन त्याच्या नंतर.

खासबागेत एका मावशींनी हळद लावून ठेवलेली, जाड थर. म्हटलं मावशी हे कशाला, तर "आमची पोरं ह्याच्यावरच बरी झाली की हो डॉक्टर". वाद घातला नाही. पण मांजर ती चाटतं, चाटून चाटून टाक्याची कड उचकटतं, आणि पिवळ्या थराखाली लाल आहे की नाही हे आम्हाला दिसत नाही. ओल्या गॉजनं पुसून काढली. त्यांच्याच शेजारच्या वैनी विचारत होत्या क्रोसिन अर्धी दिली तर चालेल का, दुखत असेल बिचारीला. नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळी पण जीव घेते, त्यांच्या लिव्हरला ते पचवता येत नाही. डेटॉल पण नको, फिनेल तर नकोच. दुखण्याचं इंजेक्शन, मेलोक्सिकॅम, टेबलावरच दिलेलं असतं.

आजच कागद करायला टाकला, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड: हळद, चुना, डेटॉल, क्रोसिन काही नाही. खात असेल, फिरत असेल तर हात लावू नका. खायचं बंद केलं, पोटाखाली पाणी-रक्त गळायला लागलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर फोन करा.

16 जून, रविवार

सातवा दिवस आणि बाटल्यांना दोन आठवडे.

पहिल्या गटातली वडगावची भाटी, टिकली, आज मांडीवर येऊन बसली, तिची रेघ इतकी सुंदर की फोटोत शोधावी लागते. आणि इथंच माणूस फसतो. 2004 साली कुत्री आणि मांजरं यांच्या कातडीच्या जखमा शेजारी शेजारी ठेवून केलेला एक अभ्यास छापून आलाय, त्यात सातव्या दिवशी शिवलेली जखम ओढून बघितली तर मांजराची ताकद कुत्र्याच्या जवळपास निम्मीच भरली. उघड्या जखमेत लालसर दाणेदार मांस यायला कुत्र्याला साडेचार दिवस, मांजराला सहाच्या वर. दिसायला मात्र दोन्ही सारखीच बरी. मांजराची जखम वरनं भरलेली दिसते आणि टाके काढल्यावर उकलते, हे आपल्या लोकांनी सगळ्यांनी कधी ना कधी बघितलंय, फक्त तेव्हा मालकाला "तुम्ही उडी मारू दिली" म्हणून मोकळं होतात.

म्हणून कुत्र्याच्या हिशोबानं सातव्या दिवशी टाके काढणं मांजरात मला पटत नाही, आणि सातव्या दिवसाचा फोटो चांगला आला म्हणजे दोरा बरोबर निवडला असं तर अजिबात नाही. फोटोत दिसते ती कातडी. मला काळजी आहे ती तिच्या खालच्या पांढऱ्या रेघेची, तिचा फोटो निघत नाही.

बाटल्या: पॉलीग्लॅक्टिन चांगला ओढ धरतोय, कोऱ्या दोऱ्यापेक्षा थोडा कमी. मोनोक्रिल बराच उतरला. पीडीएसला काही झालेलं नाही. कॅटगट फुगून मऊ झालाय, गाठीची शेपटी निसटायला लागलीय, पण तुटत नाही, हट्टी. मॅडमचं म्हणणं जसंच्या तसं, त्याला खाणाऱ्या पेशी बाटलीत नाहीत. कोणी असला प्रयोग करून "कॅटगट सगळ्यात टिकाऊ" असं सांगत आला तर त्याला मांजराच्या पोटात आणि बाटलीत फरक आहे एवढं सांगायचं.

19 जून

सकाळी साडेसहाला फोन, शहापुरातल्या वैनी, "अहो पोटातनं आतडं बाहेर आलंय बघा, लिंबाएवढी गाठ." पावसात गाडी काढून गेलो. भाटी मस्तपैकी चुलीशेजारी बसून दूध प्यालेली. मधोमध रेघेखाली गाठ होती खरी, घट्ट, गरम नाही, दाबली तर आत जात नाही, दुखत नाही, गळत नाही. हर्निया असता तर मऊ लागला असता, बहुतेक वेळा बोटानं दाबून आत ढकलता येतो आणि कडेला भोकाची कड हाताला लागते. पू असता तर गरम लागलं असतं, मांजर खाणं सोडून बसलं असतं.

मांजरांत ही बिनजंतूची सूज येते, विरघळणाऱ्या दोऱ्याभोवती शरीराची स्वतःची चिडचिड, कॅटगटला जास्त, पण नव्या दोऱ्यांनाही येऊ शकते. आपोआप बसते. सुई घालून पाणी काढायचा मोह टाळायचा, सुईबरोबर जंतू आत गेले की नसलेलं इन्फेक्शन तयार. वैनींना सांगितलं आठवडाभर नुसतं बघा, वाढली तर सांगा. त्यांनी चहा दिल्याशिवाय सोडलं नाही.

कमी करायचं असेल तर चरबीचा थर उगाच सोलत बसायचं नाही, चरबीला वेगळे टाके घालायचे नाहीत, दोरा बारीक, गाठी मोजक्या. मॅडम पुढच्या गटापासनं चीर अजून लहान घेणार म्हणाल्या.

30 जून, रविवार

बाटल्यांना चार आठवडे. मोनोक्रिल हातात घेतला तर गाठीपाशी चुरा. पॉलीग्लॅक्टिन ओढला तर फार वेळ टिकला नाही, पाकिटावर पाव ताकद लिहिलेली असते ती खोटी नाही. पीडीएस अजून ताणतोय. मनात पन्नास दिवसांचा आकडा ठेवून ह्या तिघांकडं बघितलं की कुठला दोरा कुठल्या थराला हे आपोआप सुटतं, वेगळं पाठ करायला नको.

शहापूरच्या वैनींच्या भाटीची गाठ निम्म्याच्या खाली बसलीय.

काकांबरोबर आज गाठीवर बसलो. ताण्याचा धागा तुटला की विणकर जी गाठ मारतात ती चपटी असते, फणीतनं सुटावी म्हणून, आणि ती ओढली की घट्टच होते. आमची स्क्वेअर नॉट तशीच भरवशाची, पण दुसरा फेरा चुकून पहिल्याच्याच दिशेनं पडला की ती ग्रॅनी होते आणि सरकते. एकेरी गुळगुळीत दोऱ्यात तर नक्कीच सरकते. पिळाच्या दोऱ्याला तीन-चार फेरे पुरतात, पीडीएसला चार-पाच घ्यायचे, सलग शिवण असेल तर शेवटच्या गाठीला आणखी एखादा. आणि शेपटी अगदी मुळाशी कापायची नाही, तीनेक मिलिमीटर सोडायची. आणखी एक, सुई धरायच्या होल्डरच्या दातात दोरा चिमटायचा नाही. एकेरी तंतूला एकदा खरचटलं की तो तिथंच तुटतो, काकांनी हे त्यांच्या नायलॉनवर करून दाखवलं, नखानं ओरखडा आणि झटका, संपलं. कॉलेजात हे एका ओळीत सांगतात आणि कोणी लक्ष देत नाही.

14 जुलै, रविवार

पाऊस नुसता कोसळतोय. सापळे लावून उपयोग नाही, भाट्या मागाच्या शेडमधनं बाहेरच येत नाहीत. आज ऑपरेशन नाहीत पण काम निघालंच.

खानापूर बाजूच्या एका खेड्यातनं एकजण बास्केटमधे भाटी घेऊन आला, दुसरीकडं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेले. कातडी छान भरलेली, टाके पण जागच्या जागी, आणि खाली मऊ फुगवटा, दाबला की आत. उघडलं तर कातडीखाली ओमेंटम, म्हणजे आतड्यावरचा चरबीचा पडदा, येऊन बसलेलं, नशीब आतडं नव्हतं. पांढऱ्या रेघेत तीन बोटं जाईल एवढं भगदाड, आणि कडांना फुगलेल्या, मऊ झालेल्या दोऱ्याचे तुकडे. कॅटगट. आजूबाजूला लालभडक. एका टोकाची गाठ अखंड पण सैल, ओला झाल्यावर तो फुगतो आणि गाठ उकलते, बाटलीत जे बघितलं तेच इथं.

दुरुस्तीत एक गोष्ट शिकण्यासारखी. कडा कापून ताज्या करायच्या असं वाटतं, मॅडमनी हात धरला. उकललेल्या जखमेच्या कडेला भरण्याचं काम आधीच चालू झालेलं असतं, पेशी जमलेल्या असतात, पहिले चार-पाच दिवस तिथं खर्च झालेत. त्या कडा जिवंत आणि स्वच्छ असतील तर तशाच परत शिवायच्या, ताकद नवीन जखमेपेक्षा लवकर येते. कापून टाकलं तर मीटर परत शून्यापासून. ओमेंटम धुऊन आत, मग 3-0 पीडीएसचे सुटे टाके, कडेपासनं चार-पाच मिलिमीटर आत घेऊन. सुटे अशासाठी की एक गेला तरी बाकीचे धरतील.

मालक विचारत होता, आधीच्या डॉक्टरनी चुकीचं केलं का. मॅडम म्हणाल्या मांजर वाचलं, आता ते सोडा. मला मात्र गप्प बसवत नाही म्हणून वहीत लिहितो. कॅटगटची रीळ स्वस्त पडते हे मान्य, पण ती रीळ उघडी, तिच्यातनं दर वेळी हातानं दोरा ओढायचा, खालचा अर्धा कधी उघडला ते कोणाला आठवत नाही, आणि मग एक परत केलेलं पोट, दुसऱ्यांदा भूल, आठ दिवसांची औषधं. कुठं राहिली स्वस्ताई? कातडीत, गर्भाशयात काय घालायचं ते घाला, पण मांजराच्या पांढऱ्या रेघेत कॅटगट घालायचं कारण मला एक सुद्धा सापडत नाही.

21 जुलै, रविवार

कपाट आवरलं. भिंतीला बुरशी, पुठ्ठ्याची खोकी दमट. दोऱ्यांची सगळी पाकिटं प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात हलवली, आत सिलिका जेलच्या पुड्या. पॉलीग्लॅक्टिन, मोनोक्रिल, पीडीएस हे सगळे पाण्यानं तुटणारे, त्यासाठीच त्यांचं फॉइल कोरडं आणि हवाबंद असतं. फॉइल एकदा फाडलं की बेळगावच्या जुलैत त्याच्यासाठी बाहेरची हवा पण पोटच.

उरलेले तुकडे स्पिरिटच्या वाटीत ठेवायची सवय आहे लोकांना, परवडत नाही म्हणून, मी समजू शकतो. पण सर्जिकल स्पिरिटमधे पाणी असतं, 70 टक्क्यांच्यात तर जवळजवळ तिसरा हिस्सा, म्हणजे दोरा तिथंच हळूहळू कुजतोय, आणि स्पिरिटनं जंतूंचे बीजाणू मरत नाहीत ते वेगळंच. ऑटोक्लेव्हमधे घालून परत वापरू म्हणणारा पण एक भेटला, 121 डिग्रीची वाफ म्हणजे ह्या दोऱ्याला अंतिम संस्कार. हत्यारं, गॉज, कापड ऑटोक्लेव्हमधे. विरघळणारा दोरा कधीच नाही. परवडायचं असेल तर 70-75 सेंटिमीटरच्या एका पाकिटात ताजं ताजं, त्याच मांजराचे दोन थर उरकतील असं बसवायचं. गर्भाशयाला आणि कुशीच्या स्नायूंना एकच पाकीट पुरतं, आम्ही तसंच करतो.

4 ऑगस्ट, रविवार

उघडीप. जोरात काम. टिकलीची बहीण, दोन काळ्या, एक तिरंगी. तिरंगी गाभण निघाली, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या जाड झालेल्या, तिथं एक टाका गाठीआधी टिश्यूतनं ओवून घेतला म्हणजे निसटत नाही. अण्णाला आता स्क्वेअर नॉट डोळे मिटून येते.

18 ऑगस्ट, रविवार

9 जूनच्या गटाला आज सत्तर दिवस. ज्या माणसाळलेल्या आहेत त्यांना हात लावून बघितलं, बाकीच्यांना लांबनं, पत्र्यावरनं उडी मारताना. पोटं सपाट. शहापूरच्या भाटीची गाठ नाही, वैनींनी स्वतः दाबून दाखवली. पॉलीग्लॅक्टिन आत्तापर्यंत गेलेलं असणार. टिकलीच्या रेघेच्या वरच्या टोकाला पीडीएसची गाठ बोटाला अजून लागते, तांदळाच्या कणीएवढी, ती डिसेंबरपर्यंत लागली तरी घाबरायचं नाही, असं कागदावर दोन्ही भाषांत घालायचंय कारण पुढच्या महिन्यात कोणीतरी नक्की फोन करणार. खानापूरची पण ठीक आहे, मालकानं व्हिडिओ पाठवला, उंदीर धरलेला तोंडात.

पुढच्या ऑर्डरीत पीडीएस 3-0 वाढवायचा, मोनोक्रिल 4-0 तेवढाच, पॉलीग्लॅक्टिन कमी चालेल, कॅटगट शून्य. गौरी-गणपतीच्या आठवड्यात फटाके, गर्दी, मांजरं लपून बसतात, तेव्हा सुट्टी. त्यानंतर अनगोळची बाजू घ्यायची, तिथल्या एका घरी दोन सापळे उघडेच, दार बांधून ठेवायला दिलेत, आत रोज सुकट, म्हणजे भाट्या आधी त्यात जेवायला शिकतील.